नाव लावणं

बसा. खुर्चीचा डावा पाय तेवढा सांभाळा.
जबाब घ्यायचा तर घ्या, पण मला सावकाश सांगू द्या.
सतरा वर्षं या टेबलामागे मी लिहिणारी होते,
सांगणारी कधीच नव्हते.

कासुलूच्या या टेकडीवर जन्मलेलं प्रत्येक पोर
आधी दाईच्या हातात, मग माझ्या वहीत.
वजन, वार, बापाचं नाव, सांगितलं तर.
गेलेलं प्रत्येक माणूसही इथेच.
एक सोडून.

स्कोलास्तिका माझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी.
फॉर्म फोरला दोघी एकाच बाकावर.
तिला दुसरा वर्ग, मला शून्य.
शून्य म्हणजे शून्यच, साहेब, निकालावर तसंच छापतात.
ती हसली नाही. रात्री अंधारात म्हणाली,
पुढच्या वर्षी गणित मी घेते तुझं.
मग ताप. सात दिवस.
आठव्या दिवशी वडिलांनी केळीमागे खणलं.

तिचं सर्टिफिकेट चार महिन्यांनी आलं,
तपकिरी पाकिटात, बसच्या कंडक्टरच्या हातून.
त्याच आठवड्यात कचेरीच्या दारावर
कारकुनाच्या जागेचा कागद चिकटला.
आधी कोण बोललं ते विचारू नका.
घरात आम्ही चौघं होतो आणि कोणीच बोललं नाही.
मी रात्रभर तिची सही गिरवली.
तिचं पहिलं अक्षर सापासारखं वळायचं,
माझं मेलं काठीसारखं ताठ.
पहाटे वळलं.

नाव लावायला वेळ लागत नाही,
अंगी लागायला लागतो.
बाजारात कोणी स्कोलास्तिका म्हणून हाक मारली
की वर्षभर मी मागे वळून बघायची,
आली की काय.
पुढे पोरं झाली नि सुटले. गावाला मी मामा एलिआस.
लग्नाच्या दाखल्यावर मात्र तीच आहे.
म्हणजे माझा नवरा तिचा.
यावर आम्ही दोघं एकदा हसलो. एकदाच.

आई मला त्या दिवसानंतर नुसतं "ए" म्हणायची.
शेवटी दिसेनासं झालं तेव्हा
तिने स्पष्ट हाक मारली, स्कोला.
मी ओ दिली.
कोणाला बोलावलं होतं, कळलं नाही.

आणखी एक लिहून घ्या, तुमच्या प्रश्नांत नाही ते.
त्या जागेला एकवीस अर्ज होते.
उरलेले वीस मीच पुढे फायलीला लावले.
त्यांतला देओग्रातियास अजून सायकलवर माणसं वाहतो.
त्याच्या तिन्ही मुलींचे जन्म माझ्या हातचे.
तिसऱ्या वेळी दाखला उन्हात धरून म्हणाला,
अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं.

तुम्ही चर्चच्या वहीत शोधलंत. बरोबर केलंत.
फादर पक्क्या शाईने लिहायचे.
पत्र मिळालं मला:
स्कोलास्तिका रुहुझा यांना सेवेतून काढण्यात येत आहे.
खरं सांगू? वाचून तिचंच वाईट वाटलं.
तिने कुणाचं काय केलं होतं?
पगार वसूल करायचा तोही तिच्याकडून,
आणि केळीची ती बाग तर केव्हाच विकली.

आज तुम्ही यायच्या आधी एक फॉर्म भरला.
मृताचं नाव. वय एकोणीस. कारण ताप.
उशिराच्या नोंदीचा दंड भरलाय, पावती टाचली आहे.
नोंदणाऱ्याची सही सवयीने सापासारखी वळली,
आता मेलेल्या बाईने स्वतःची नोंद केली
तर कायदा काय म्हणतो, ते तुम्ही बघा.

खाली एक ओळ असते, खबर देणाऱ्याचं नाव.
हजारोंना मी तिथे बोट ठेवून दाखवलं,
इथे लिहा, घाबरू नका, खोडलं तरी चालतं.
बघा जरा. वेनेरांदा.
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलंय.
चालेल ना?